कळा, भीती आणि लेबर रूम : पहिल्या बाळंतपणाची तयारी कशी करायची

पहिलटकरणीला सातवा महिना लागला की घरी येणारी प्रत्येक बाई आपल्या बाळंतपणाची गोष्ट सांगून जाते. कुणाला दोन दिवस कळा आल्या, कुणाला किती टाके पडले, कुणाच्या जावेची बहीण कशी थोडक्यात वाचली. सुखरूप झालेलं बाळंतपण कुणी सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नसतं ना. ऐकणारीच्या पोटात मात्र गोळा येतो. वर "आमी नाई का केलं? तुले काय येवढं!" हेही ऐकावं लागतं. म्हणजे घाबरवायचंही आणि घाबरलं म्हणून हसायचंही.

माझी दोन्ही बाळंतपणं यवतमाळ जिल्ह्यात झाली, पहिलं माहेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि दुसरं सासरकडच्या ग्रामीण रुग्णालयात. दुखलं दोन्ही वेळा. पण काय चाललंय हे कळत असेल आणि पाठीवर हात ठेवायला आपलं माणूस असेल, तर तेच दुखणं सोसवतं. बहुतेक तयारी या दोनच गोष्टींची आहे, आणि ती सातव्या-आठव्या महिन्यात करायची असते. कळा सुरू झाल्यावर काही शिकणं होत नाही.

१. नेमकी भीती कशाची, ते आधी धरा

"मला डिलिव्हरीची भीती वाटते" एवढं म्हणून भागत नाही, कारण त्यावर कुणाला काही करता येत नाही. एका कागदावर लिहा. लिहायचं नसेल तर आशाताईला किंवा बहिणीला बोलून दाखवा. दुखण्याची भीती आहे? रात्री गाडी मिळणार नाही याची? परक्या माणसांसमोर कपडे काढण्याची? सिस्टर ओरडतील याची? सिझरची? की मुलगीच झाली तर घरचे काय म्हणतील याची? ही शेवटची भीती खूप जणींच्या मनात असते आणि कुणीच ती बोलत नाही.

एकदा वेगळी केली की प्रत्येक भीतीला वेगळा उपाय सापडतो. गाडीची भीती फोन नंबरांनी जाते, लाजेची भीती लेबर रूम आधी पाहून बरीच कमी होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते (प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून). त्या दिवशी डॉक्टर भेटतात. तपासणी झाली की सिस्टरला सरळ म्हणा, "मॅडम, पहिलीच वेळ आहे, खोली दाखवता का?" टेबल कुठे, संडास कुठे, बाळाला ऊब द्यायचं यंत्र कुठे, हे बघून ठेवा.

आधी गर्भपात झालेला असेल, बाळ गेलेलं असेल किंवा मागचं बाळंतपण वाईट गेलं असेल, तर ते तपासणीच्या वेळी सांगाच. अशी भीती नुसत्या समजुतीने जात नाही. झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो.

२. कळ कशी येते, ते समजून घ्या

गर्भपिशवी हा स्नायू आहे. तो आवळतो तेव्हा कळ येते, आणि आवळून-आवळून पिशवीचं तोंड उघडतं. पूर्ण उघडलं म्हणजे १० सेंटीमीटर. सिस्टर "दोन बोटं उघडलं" म्हणतात तेव्हा साधारण तीनेक सेंटीमीटर समजा. तिथून पुढे वेग धरतो. पहिल्या खेपेला सुरुवातीच्या बारीक कळांपासून बाळ होईपर्यंत दिवस नाहीतर रात्र जाऊ शकते. दुसऱ्या खेपेला बरंच लवकर आटपतं.

सगळ्यात कामाची गोष्ट ही, की दुखणं सलग नसतं. कळ हळूहळू चढते, टोकाला जाते आणि उतरते. भरात आलेली कळही मिनिटभराची असते. मग दोन-तीन मिनिटं सुट्टी. सुरुवातीला तर मधे दहा-पंधरा मिनिटं काही नसतं. घाबरलेली बाई ती सुट्टीही पुढच्या कळेची वाट बघण्यात घालवते, आणि थकते. म्हणून कळ उतरली की अंग सैल सोडायचं, डोळे मिटायचे, घोटभर पाणी प्यायचं.

भीतीने दुखणं वाढतं हे नुसतं म्हणायला नाही. घाबरल्यावर शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, खांदे, जबडा, मांड्या आवळल्या जातात, श्वास वर-वर होतो. कळा आणणारं ऑक्सिटोसिन मात्र शांत, आपल्या माणसांत असताना चांगलं सुटतं. म्हणून घरी जोरात असलेल्या कळा दवाखान्यात पोचल्यावर थंडावतात, असं पुष्कळ जणींचं होतं. घरच्यांना वाटतं पोरीने उगाच धावपळ करवली. तसं नसतं. जागा ओळखीची झाली की कळा पुन्हा सुरू होतात.

३. कुठे बाळंत व्हायचं, ते आठव्या महिन्यात ठरवा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. चांगलीच आहे, आईजवळ भीती अर्धी होते. पण माहेरपासून दवाखाना किती लांब, पावसाळ्यात मधला नाला चढतो का, हे रीत बघत नाही. ते आपण बघायचं.

सगळं ठीक असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र पुरतं. पण पुढचं काही असेल तर जिथे सिझरची आणि रक्ताची सोय आहे तिथेच जायचं ठरवा, म्हणजे उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा स्त्री रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज: बीपी वाढलेला, जुळी, बाळ पायाळू किंवा आडवं, आधी सिझर, उंची १४५ सेंटीमीटरपेक्षा कमी, हिमोग्लोबिन ७ च्या खाली. ऐन वेळी, कळा चालू असताना दुसरीकडे पाठवलं जाणं हा सगळ्यात भीतिदायक प्रवास असतो. तो टाळता येतो.

आणि सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात हा आजार पुष्कळ आहे, तरी कितीतरी बायांना आपला रिपोर्ट माहीत नसतो. साधी रक्ततपासणी आहे, सरकारी दवाखान्यात मोफत होते. रिपोर्ट 'एएस' आला तर तुम्ही वाहक आहात, तुम्हाला सहसा त्रास नसतो, पण नवऱ्याचीही तपासणी करून घ्यायची. 'एसएस' (म्हणजे आजारच) असेल तर बाळंतपण मोठ्याच दवाखान्यात. अशा बाईला कळांच्या वेळी अंगातलं पाणी कमी होऊन, थंडी लागून किंवा ऑक्सिजन कमी पडून सिकलसेलचं दुखणं उठू शकतं, आणि हाडं दुखतायत की कळा येतायत हे तिचं तिलाही कळत नाही. डॉक्टरांना आधी माहीत असलं की ते तशी तयारी ठेवतात.

मेळघाट, गडचिरोलीसारख्या भागात काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर असतं. तारखेच्या काही दिवस आधीपासून तिथे राहता येतं. तुमच्या केंद्रात आहे का ते आशाताईला विचारा. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो, तिथे पावसाळ्यात तारीख असलेल्या बाईने घरी वाट बघत बसू नये. तशीही दिलेली तारीख अंदाजाचीच असते. दोन आठवडे अलीकडे-पलीकडे चालतं.

४. सोबत कोण राहणार?

माझ्या मते अर्धी तयारी इथेच आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांतल्या लेबर रूममध्ये एक सोबतीण ठेवायला परवानगी दिली. अट एवढीच, की ती शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिने डॉक्टर-सिस्टरच्या कामात हात घालू नये. खोलीत आडोसा असेल तर नवऱ्यालाही राहता येतं, पण आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांत तीन टेबलं शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे ते क्वचितच जमतं. परवानगी असूनही काही ठिकाणी सोबतिणीलाही "बाहेर थांबा" म्हणतातच. म्हणून ९ तारखेच्या तपासणीतच विचारून ठेवा, "सोबत माझी बहीण राहील, चालेल ना?"

माणूस निवडताना नातं बघू नका, स्वभाव बघा. तुमच्याआधी जी रडायला लागेल ती आई असली तरी बाहेर बसलेली बरी. शांत बोलणारी वहिनी, मावशी, शेजारची काकू चालेल. घरात गोंडी किंवा कोरकू बोलत असाल तर डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगणारी बाई हवीच. तिला या गोष्टी आधी शिकवून ठेवा:

– कळ आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या भागावर तळहाताने जोरात दाबून धरायचं. चोळायचं नाही, दाबायचं. कंबर फुटल्यासारखी वाटते तेव्हा याने फार आराम पडतो.
– मधल्या सुट्टीत पाणी पाजायचं, तोंड पुसायचं, खांदे सैल आहेत का बघायचं.
– तासा-दोन तासांनी लघवीला न्यायचं. भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते.
– दुसऱ्यांच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत.

आणखी एक: ती त्या दिवसांत गावात असेल ना? कापूस वेचणीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत दुपारी आख्ख्या गावात माणूस सापडत नाही. म्हणून दुसरं नावही ठरवून ठेवा.

५. श्वासाचा सराव, रोज थोडा वेळ

सातव्या महिन्यापासून रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं करा. डाव्या कुशीवर पडा किंवा भिंतीला टेकून बसा. नाकाने चार मोजत श्वास आत घ्या, तोंडाने सहा मोजत हळूच सोडा. सोडताना जबडा आणि खांदे सैल पडले पाहिजेत. सारा खेळ श्वास सोडण्यात आहे. घेणं आपोआप होतं.

मोजायला कंटाळा येत असेल तर नाव घ्या. आमच्याकडे शेगावचं जाणंयेणं, त्यामुळे मला "गण गण गणात बोते" जमलं. एका श्वासात एकदा, लांबवून. कुणाला बुद्धवंदना जमेल, कुणाला तुकडोजी महाराजांच्या भजनाची ओळ, कुणाला आजीची जात्यावरची ओवी. देवाधर्माचा प्रश्न नाही, लय पाहिजे.

कळेत आवाज निघाला तर निघू द्या. मात्र उंच किंकाळीने घसा आणि अंग दोन्ही आवळतं. खालच्या पट्टीतलं लांब "हूंऽऽ" किंवा "आऽऽ" अंग सैल ठेवतं. "ओरडू नको, लोक काय म्हणतील" असं कुणी म्हटलं तर खुशाल दुर्लक्ष करा.

चालणं, उकिडवं बसणं, गुडघे-हातांवर ओणवं होणं याचाही सराव ठेवा. शेतात आणि चुलीपुढे काम करणाऱ्या बायांना हे सोपं जातं, शहरातल्या पोरींना पैसे भरून शिकावं लागतं. डॉक्टरांनी आराम सांगितला असेल तर मात्र हे त्यांना विचारूनच.

६. कागदं आणि पिशवी

आठवा महिना संपायच्या आत भरून दाराजवळ ठेवा, आणि कुठे ठेवली ते घरातल्या दोघांना तरी सांगा.

कागदं: माता बाल संरक्षण कार्ड (हे सगळ्यात आधी), सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, तुमचं आणि नवऱ्याचं आधार कार्ड, तुमच्या नावाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स, रेशन कार्ड, असेल तर जातीचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेचा पुरावा. शेवटच्या दोन गोष्टी जननी सुरक्षा योजनेच्या पैशांसाठी लागतात. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जायची-यायची गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सगळ्यांनाच मोफत आहे. खर्चाच्या भीतीने घरी बाळंत व्हायचं काही कारण नाही.

सामान: धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती साड्यांचे तुकडे, दुपटी, टोपडं, लंगोट, दोन सैल गाऊन, पॅड, चप्पल, चादर, बादली-मग, थर्मास, ग्लास, मोबाईलचा चार्जर, मोसंबी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. उन्हाळ्यात तारीख असेल तर ओआरएसची पाकिटं आणि हातपंखा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि लाइटही तेव्हाच जाते.

नंबर: १०८, १०२, आशाताई, गावातला एक काळीपिवळीवाला आणि एक खाजगी गाडीवाला. कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. फोन नेमका शेतात गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. टॉवर कुठे मिळतो तेही सांगून ठेवा.

७. निघायचं कधी?

खोट्या कळा शेवटच्या महिन्यात येऊन-जाऊन असतात. त्यांना नेम नसतो. पाणी प्यायल्यावर, चाललं किंवा पडलं की थांबतात. खऱ्या कळा कमरेतून पोटाकडे येतात, नेमाने येतात, मधलं अंतर कमी होत जातं आणि काही केलं तरी थांबत नाहीत. चिकट, रक्ताचा डाग असलेला स्राव दिसू शकतो.

शहरात पाच-पाच मिनिटांवर कळा आल्या की निघायला सांगतात. आपल्याला तो हिशोब परवडत नाही. दवाखाना तासाभरावर असेल तर दहा मिनिटांवर नेमाने कळा येऊ लागताच गाडीला फोन करा. दुसरी-तिसरी खेप असेल तर त्याहून आधी.

आणि यांपैकी काहीही दिसलं तर कळा असोत-नसोत, लगेच निघा: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं (हिरवट-काळपट असेल तर फारच घाई), बाळाची हालचाल कमी होणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर सूज, झटका, ताप.

इथे फसवणाऱ्या काही गोष्टी:

"कळा वाढवायचं इंजेक्शन" गावातल्या कुणाकडूनही, घरी, कधीही घेऊ नका. ते ऑक्सिटोसिन असतं. दवाखान्यात थेंब-थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत देतात. घरी एकदम टोचलं तर पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. एरंडेल तेल पाजून कळा आणायचा उपायही नको. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं.

"कमी खा, बाळ मोठं झालं की सिझर होईल" आणि "लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं", ही दोन्ही बोलणी ऐकून सोडून द्या. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही. खरी भीती वाटायची तर याची वाटावी. गोळ्या दुपारच्या जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको.

८. लेबर रूममध्ये

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर टेबलावर उताणं पडून राहू नका. पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते, बाळाला रक्त कमी पोचतं आणि कंबरही जास्त दुखते. चाला, भिंतीला टेकून उभ्या राहा, नाहीतर डाव्या कुशीवर पडा. चहा, वरणाचं पाणी, सरबत घोट-घोट घेत राहा. उलटी होऊ शकते, त्यात काही बिघडत नाही.

तपासणीच्या वेळी हात घालताना दुखतं. तेव्हा श्वास सोडायचा आणि टाचा टेबलाला टेकवायच्या. "मॅडम, कळ उतरू द्या, मग बघा" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

तोंड पूर्ण उघडायच्या जरा आधी एक वेळ अशी येते की बाई म्हणते, "मले नाई होत आता, सिझर करा." अंग थरथरतं, मळमळतं, रडू येतं. तुमच्यावर ही वेळ आली तर ओळखा: शेवट जवळ आला आहे. सोबतिणीलाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती बाहेर जाऊन सगळ्यांना घाबरवते. त्यानंतर संडासला लागल्यासारखा जोर येतो. सिस्टरने सांगितल्याशिवाय जोर लावू नका. थांबा म्हणाल्या तर ओल्या लाकडाची चूल फुंकावी तसे छोटे-छोटे श्वास सोडा. लाव म्हणाल्या तर हनुवटी छातीकडे घेऊन, जोर खाली, घशात नाही. बाळ बाहेर येता-येता शी झाली तर लाजू नका, सिस्टरला त्याचं काही वाटत नाही.

कुणी पोटावर चढून दाबायला लागलं तर सोबतिणीने नम्रपणे पण स्पष्ट विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांमध्ये असं दाबू नये म्हटलं आहे, आणि बाळाची वाट मोठी करायला सरसकट कट (चीर) देऊ नये असंही. कुणी घालून-पाडून बोललं, तर त्या वेळी भांडत बसू नका, ताकद कळांसाठी ठेवा. नंतर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या. एकीने दिलं तर पुढचीला उपयोग होतो. चांगल्या सिस्टरही खूप आहेत. नाव विचारून हाक मारली की बहुतेक जणी मऊ होतात.

९. दुखणं कमी करायची औषधं, आणि सिझर

पाठीच्या कण्यात औषध सोडून दुखणं घालवतात त्याला एपिड्युरल म्हणतात. त्याला भूलतज्ज्ञ लागतो. आरोग्य केंद्रात ते मिळत नाही. मोठ्या शहरातल्या काही दवाखान्यांत मिळतं, हवं असेल तर आधी चौकशी करा. काही ठिकाणी दुखणं कमी करायचं इंजेक्शन देतात, त्याने गुंगी येते, दुखणं थोडं कमी होतं. मागायला लाजू नका, आणि नाही म्हणाले तर का ते विचारा. कळा वाढवायची सलाइन लावली तर दुखणं एकदम चढतं, हे आधी माहीत असावं. "हे कशासाठी?" एवढं विचारलं की पुरे.

सिझर करायला सांगितलं तर कारण विचारा: बाळाचे ठोके, अडलेलं बाळ, बीपी. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात, बाई जागी असते, बाळाचं रडणं ऐकू येतं. त्यानंतरचे दिवस जड जातात, कारण उठताना टाके ओढतात. पण "नॉर्मल झाली नाही" म्हणून मान खाली घालायचं काही काम नाही.

१०. बाळ झाल्यावर

वार पडल्यावरही पोटात मुरडा येतो, आणि पाजताना वाढतो. पिशवी आकसत असते, म्हणून. दुसऱ्या खेपेला हा मुरडा जास्त जोराचा असतो, मला कुणी सांगितलं नव्हतं. दुखत असेल तर गोळी मागा, पाजणाऱ्या बाईला चालणाऱ्या गोळ्या असतात. बाळाला तासाभरात छातीशी लावा, मध-गुटी नको. निदान ४८ तास दवाखान्यातच राहा, कारण रक्तस्रावाचा धोका पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी गेल्या किंवा चक्कर आली तर लगेच हाक मारा.

टाक्यांची जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवा. बाजेखाली शेगडी ठेवून शेक घ्यायची पद्धत असेल तर टाके असताना नको. धुराने बाळाला त्रास होतो तो वेगळाच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येतं. बहुतेक जणींचं आठ-दहा दिवसांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर "दृष्ट लागली" म्हणून अंगारा लावून थांबू नका. घरी बाळ बघायला येणाऱ्या आशाताईला त्याच भेटीत सांगा, किंवा वर दिलेल्या १४४१६ वर नवऱ्याला फोन लावून द्यायला सांगा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर भेटीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि तोवर बाईला एकटं सोडू नका.